स्टुटगार्टचा रायगड आणि पंचवीस सेंटांची अनामत

ती. नाना व ती. सौ. आई यांचे चरणी स्टुटगार्टहून तिघांचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाने मराठी घरांत जी हस्तकला ओळखली जाते, तिच्या मुळाशी असे एक गृहीतक असते की घरात टाकाऊ वस्तू असतातच आणि त्या फुकट असतात. हे गृहीतक जर्मनीत टिकत नाही, हे प्रस्तुत पत्राचे मुख्य प्रतिपादन होय. नात रेवा खोकी, अंड्यांचे ट्रे आणि रिकाम्या बाटल्या यांच्या ढिगात बसलेली व्हिडिओ कॉलवर दिसताच आईने, “नोकरी आहे ना रे, की भंगार गोळा करताय?” अशी जी शंका काढली, तिचे निरसन करणे हा या लेखनाचा दुसरा हेतू आहे.

नोकरी आहे. ढीग दिवाळीतल्या रायगडाचा होता.

आजीने पाठवलेले रायगडाचे चित्रपुस्तक रेवा रोज एक पान वाचते आणि त्या पानावरची एकच वास्तू घरातल्या टाकून द्यायच्या वस्तूंतून बनवते, अशी पद्धत तिची आई मुक्ता हिने घालून दिली असून या पद्धतीचा लाभ महादरवाजाच्या पानावर विशेष दिसून आला. चित्रात दोन बुरूज दिसत होते, पण दार दिसत नव्हते, तेव्हा चित्रकार दार काढायला विसरला असा निष्कर्ष रेवाने काढला होता. गोमुखी बांधणी, म्हणजे पुढे आलेल्या दोन बुरुजांच्या आड, वळणावर दार दडवण्याची रीत, तिला शब्दांत सांगून कळली नाही. मात्र दोन बाटल्यांचे बुरूज करून त्यांमधून लाकडी हत्ती पळवताना तो दर खेपेस बुरुजाला अडला, तेव्हा हत्तीला धडक द्यायला सरळ वाटच ठेवलेली नाही, हे तिने स्वतःहून जाहीर केले. जंग्या, म्हणजे तटातून बंदूक रोखण्यासाठी ठेवलेली तिरपी भोके, कात्रीने पाडल्या गेल्या, आणि चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे पाकळ्यांसारखे दगडी कंगोरे, अंड्यांच्या ट्रेमधून निघाल्या.

येथपर्यंत सर्व शास्त्रशुद्ध झाले. अडचण बाटल्यांची आली. या देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 2003 पासून पंचवीस सेंट अनामत घेतली जाते, तिला ‘फांट’ म्हणतात, आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घातली की अनामत परत मिळते. स्वस्त दुकानांत आतल्या पाण्यापेक्षा बाटलीचीच अनामत जास्त भरू शकते, हे नानांनी सावकाश वाचावे. यंत्राला मात्र बाटली अखंड लागते आणि तिच्यावरची खूण व रेघा वाचता याव्या लागतात. जंग्या पाडलेली बाटली पाहिल्यावर ते तिला बाहेर ढकलते. सहा बुरुजांचा हिशेब दीड युरो, म्हणजे साधारण दीडशे रुपये होतो. रायरी, म्हणजेच पुढचा रायगड, 1656 मध्ये मोऱ्यांकडून घेतल्यापासून 6 जून 1674 च्या राज्याभिषेकापर्यंत गडावर जे बांधकाम झाले, त्यात ते करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांना बुरुजामागे अनामत बुडाल्याचा हिशेब कोणाला द्यावा लागला नव्हता. येथील हिरोजींना तो मुक्ताला द्यावा लागला.

(कुकरच्या तिसऱ्या शिट्टीमुळे येथे लेखनात खंड पडला.)

उरलेले बुरूज म्हणून कागदी नळ्यांचे केले, कारण त्यांना अनामत नसते. त्या कणकेच्या खळीने चिकटवून हळद आणि कॉफीचा चोथा यांनी रंगवल्या. माती मात्र पिशवीतली, चार युरोंना विकत आणावी लागली. चार युरोंची माती हे शब्द फोनवर उच्चारण्याचे धैर्य न झाल्याने ते येथे लिहिले आहेत. अळीव पेरण्याची वेळ आली तेव्हा असे आढळले की येथील दुकानांत ‘क्रेसे’ नावाने छोट्या खोक्यात उगवून मिळणारी, पावावर कातरून खायची भाजी म्हणजे साक्षात अळीवच आहे. ते गडाच्या उतारावर लावल्यावर मुक्ता बराच वेळ काही बोलली नाही, आणि नंतर तिने आईला अळिवाच्या लाडवांचे प्रमाण विचारायचे म्हणून घड्याळात पाहिले, तर साताऱ्यात रात्रीचे अडीच वाजले होते.

आता घरच्या बातम्यांविषयी. बंडूकाकांनी यंदा थर्माकोलचा तयार किल्ला आणून त्यावर माळा सोडल्या आणि गल्लीत पहिला नंबर काढला, हे ऐकून येथे तीव्र निषेध नोंदवण्यात आला. जागतिक वारशाच्या यादीत 2025 साली गेलेल्या बारा किल्ल्यांत तमिळनाडूतली जिंजी आहे, पण साताऱ्याचा अजिंक्यतारा नाही, याबद्दल नानांनी तीनदा विचारणा केली असली तरी यादी बदलण्याचे अधिकार स्टुटगार्टात नाहीत. शमाताईने मागचे पातेले अजून परत केलेले नाही, याची नोंद घेतली आहे. तिच्यावर फांट लावावा. वाड्यातला पेरू तोडला, हे वाक्य आईने घाईघाईत सांगून विषय बदलला, तो तसाच बदललेला ठेवलेला बरा.

दिवाळीनंतर हा गड उतरवावा लागेल आणि कागद, प्लास्टिक, ओला कचरा व उरलेले सारे वेगवेगळ्या डब्यांत जाईल. खळ, हळद आणि मुळे लागलेल्या बुरुजाचा डबा कोणता, यावर खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंशी जिन्यात दोनदा चर्चा होऊनही एकमत झालेले नाही.

पुढच्या पार्सलाबाबत एवढेच, की कंदी पेढे पाठवू नयेत, कारण भारतातून युरोपीय संघात टपालाने दुधाचे पदार्थ मागवता येत नाहीत. आणि अंगणातली माती पुडीत बांधून पाठवण्याचा आईचा विचारही, बाहेरची माती आणण्यास येथे बंदी असल्याने, सोडून द्यावा. मोज्यात गुंडाळून पाठवलेले मावळे सुखरूप पोचले. नाक तुटलेला जुना मावळा महादरवाजावर उभा केला असून त्याच्या पायांना मागच्या कुठल्यातरी दिवाळीची अंगणातली माती अजून चिकटलेली आहे, ती कोणी पुसलेली नाही.