चार नंबर की सहा?

भिगवण ते इंदापूर, उजनीच्या काठाने जा. दर दोन गावांआड एक आप्पा भेटतोच. पांढरी टोपी, पाच-दहा एकर ऊस आणि आजोबांची दुनळी बारा बोअर. बंदूक उंबरा ओलांडते ती फक्त निवडणुकीत, पोलीस ठाण्यात जमा व्हायला. आपल्या भागात निवडणुकांना तोटा नाही, त्यामुळे आप्पांपेक्षा बंदूकच जास्त हिंडलेली.

आप्पांचा विषय एकच: कुठल्या पाखराला कुठलं काडतूस. "नंबर चढला की छर्रा बारीक, एवढंही आजच्या पोरांना ठाऊक नाही! चक्रांगाला सहा नंबर, हळदीकुंकू बदकाला चार, राजहंसाला बीबी. आणि काडतूस खडकीचं. १८६९चा कारखाना आहे!" हे अशा थाटात, की पायाभरणीला नारळ यांनीच फोडला.

आता नशीब बघा. १९७२ला वन्यजीव कायद्याने शिकारीला वेसण घातली, १९८०ला उजनी धरण पुरं झालं आणि फुगवट्यावर पाखरांचे थवे उतरू लागले. १९९१च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा परवानाही संपवला. पंगत वाढली आणि आप्पांना एकादशी लागली.

तरी वाद थांबत नाही. पलीकडच्या गावचे तात्या हळदीकुंकूलाही सहा नंबरवाले. चहाच्या टपरीवर चार विरुद्ध सहा असा सामना रंगतो, भावकीच्या बांधालाही एवढा जोर नसतो. अमेरिकेतल्या पुतण्याने एकदा सांगितलं, "तिकडे बदकांवर शिशाचे छर्रे १९९१पासून बंद. पाण्यात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात, विष भिनतं. आता पोलादी वापरतात." आप्पांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला: पोलाद हलकं, म्हणजे दोन नंबर जाड छर्रा घ्यायचा. घ्यायचा कुणी, हे तात्यांनीही विचारलं नाही.

कुंभारगावला रोहित पक्षी बघायला येणाऱ्या पुणेकरांनाही सुटका नाही. हातभर लांब लेन्स दिसली की आप्पा बंदुकीच्या नळीचं तोंड तपासल्यागत विचारतात, "चोक केवढा हिचा?"

परवा पहाटे पाण्याकडून बार ऐकू आला. वनखात्याला पहिला फोन आप्पांचा. "साहेब, लगेच माणसं पाठवा, कुणीतरी पाखरांवर बार टाकलाय." मग आवाज आणखी चढला, "आणि धरलात की आधी काडतूस बघा. सहा नंबर निघालं, तर माझ्या वतीने दोन कलमं जास्त लावा!"