राजमान्य राजेश्री १४४ हर्ट्झ यांस

सा. न. वि. वि.

आपण टेबलावर विराजमान झालात आणि शेजारच्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवरचा व्हिडिओ अडखळू लागला. हा निव्वळ योगायोग असणार, असं सगळ्यांनी धरून चालावं, यातच आपलं मोठेपण आहे. खोक्यावर एवढ्या ठळक टायपात छापलेला आकडा! त्याच्यावर संशय घ्यायची कोणाची छाती होणार?

म्हणून शिक्षा इतरांनी भोगली. सर्वात आधी राउटर बंद-चालू झाला. वास्तविक इंटरनेट रडतं तेव्हा पडद्यावर ते गोल चक्र फिरतं आणि आवाजही थांबतो. इथे चक्राचा पत्ता नाही, समालोचकाचा आवाज अखंड आणि बोलर तेवढा ठेचकाळत धावतोय. मग ग्राफिक्स कार्डाला म्हातारं ठरवलं गेलं. कार्डाला व्हिडिओ उलगडणं झेपत नसेल, तर यूट्यूबच्या ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मध्ये गळालेल्या फ्रेम्सचा आकडा चढताना दिसतो, तो बघण्याची तसदी कोण घेतो? ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, ब्राउझर बदलला. शेवटी ६० हर्ट्झच्या त्या गरीब मॉनिटरला भंगारात काढायची बोलणी सुरू झाली. आपण सेकंदाला १४४ वेळा ताजेतवाने होत हा तमाशा पाहत होतात.

आता आपला हिशेब. आपण दर ६.९४ मिलिसेकंदांनी चित्र बदलता, शेजारी दर १६.६७ मिलिसेकंदांनी. १४४ ला ६० ने भागलं की २.४ येतात. गुन्हा त्या पॉइंट चारात घडतो.

कारण पंगती दोन आणि वाढपी एक. सगळ्या खिडक्यांचं मिळून चित्र रचून ते पडद्यांकडे धाडणाऱ्या या वाढप्याला विंडोजमध्ये डेस्कटॉप विंडो मॅनेजर म्हणतात. विंडोज ७ पर्यंत त्याला रजा देता येत असे. विंडोज ८ पासून तो कायम झाला. तो १४४ च्या चालीने फिरू लागला की पलीकडच्या पानावर एक भाजी दोनदा पडते आणि दुसरी वाढायचीच राहते. तीच फ्रेम पुन्हा दिसणं आणि पुढची गायब होणं, अडखळणं म्हणतात ते हेच. मे २०२० मधल्या विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीने प्रत्येक पडद्याला आपापली चाल सांभाळू दिली आणि पुष्कळांची सुटका झाली. पुष्कळांची, सगळ्यांची नव्हे. आपला प्रभाव इतक्या लवकर ओसरत नसतो.

शिवाय आपल्याला साथीदारही चांगले मिळतात. एक म्हणजे ‘मल्टिप्लेन ओव्हरले’. व्हिडिओला वेगळा थर देऊन वाढप्याला वळसा घालण्याची ही सोय काम हलकं करण्यासाठीच होती. पण काही संगणकांवर तिने असा गोंधळ घातला की ती बंद करायला एनव्हिडियाने रजिस्ट्रीची फाइलच पुरवली. दुसरी साथीदार म्हणजे दुसऱ्या मॉनिटरची वायर. ती ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टात खुपसलेली असते, आणि मग चित्रांना एका चिपकडून दुसरीकडे हेलपाटे घालावे लागतात. ती वायर काढून कार्डात लावायला एक मिनिट पुरतं. पण तेवढं वाकून संगणकाच्या पाठीमागे बघणार कोण?

न्यायाला धरून आपल्या बाजूचीही साक्ष नोंदवतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा. १४४ ला २४ ने भागलं की बरोबर ६. शेजाऱ्याला मात्र एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी कसरत करावी लागते. दूरदर्शनच्या काळापासून चालत आलेला २५ फ्रेम्सचा हिशेब तर दोघांनाही जमत नाही. ६० ला २५ ने भागलं की पुन्हा २.४ च! म्हणजे शेजारी धुतल्या तांदळासारखा नाही, हे मान्य. पण तो आपल्या पॉइंट चाराने दुसऱ्याचा पडदा नासवत नाही.

तर निकाल असा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले या मार्गाने आपली १२० हर्ट्झवर बदली करण्यात येत आहे. १२० ला ६० ने भागलं की २, ३० ने ४, २४ ने ५. उरतात ते २५ वाले. पण तिथे एखादी फ्रेम चारदा आणि बाकीच्या पाचदा दिसतात, आणि एवढा बारीक फरक सहसा डोळ्यांत भरत नाही. या पदावनतीने आपलं दर फ्रेममागे १.३९ मिलिसेकंदांचं नुकसान होईल. ते सोसण्याचं बळ ईश्वर आपणास देवो.

आकडा मोठा असण्यावर आमचा राग आहे, असा गैरसमज कृपया पसरवू नये. आपले थोरले बंधू २४० हर्ट्झ यांना ६० ने भागलं की नीट ४ येतात आणि ते शेजाऱ्याच्या पानात हात घालत नाहीत. आपले १६५ हर्ट्झवाले चुलतभाऊ मात्र २.७५ काढतात, त्यांनाही वेगळं पत्र पाठवत आहोत.

उत्तर द्यायचं असल्यास १२० वरूनच द्यावं. १४४ वरून आलेल्या उत्तरातली दर तिसरी ओळ आम्हाला दोनदा वाचावी लागेल.

कळावे,
आपल्या शेजाऱ्याचा एक प्रेक्षक