जरा इकडे धर

आकाशकंदील घरी कसा करावा, हे सांगणारं साहित्य मराठीत उदंड आहे. मुलांच्या हस्तकलेच्या पुस्तकांत असतं, दिवाळीच्या पुरवण्यांत असतं, मोबाइलवर तर एक गृहस्थ दीड मिनिटात कंदील करून, टांगून, लावून मोकळे होतात. हे सगळं करणाऱ्यासाठी. कंदील होत असताना समोर बसून जी व्यक्ती काडीचं दुसरं टोक धरते, तिच्यासाठी मात्र कुणी चार ओळी खरडलेल्या नाहीत. ही उणीव भरून काढण्याचा मला अधिकार आहे. लग्नाला २३ वर्षं झाली. पाणिग्रहण म्हणजे हात धरणं. तो यांनी धरला, भटजींनी सांगितलं तेवढा वेळ. त्यानंतर धरण्याचं खातं कायमचं माझ्याकडे आलं.

सुरुवात ओळखायला शिकावं. आपट्याची पानं देवापुढे अजून हिरवी असतानाच एका संध्याकाळी चहाबरोबर वाक्य येतं, "या वर्षी कंदील आपण घरीच करायचा." यातला 'आपण' नीट ऐकावा. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा सुटतो, 'आपण' म्हटलं की अडकतो. या क्षणी माहीमच्या कंदील गल्लीत किती सुंदर तयार कंदील मिळतात वगैरे काढू नये. आम्ही पुण्यात राहतो, त्यामुळे ते तसंही चालत नाही. "बरं" म्हणावं आणि उठून कात्री लपवावी.

कात्रीचं आधी सांगते, कारण बाकी काही विसरलात तरी चालेल. घरात दोन कात्र्या असतात. एक कागदाची, बोथट, जिच्या शोधात अर्धा तास जातो. दुसरी माझी, कापडाची, शिवणाच्या डब्यातली, जी एका मिनिटात सापडते. कापडाच्या कात्रीने एकदा कागद कापला की तिची धार उतरते आणि पुढे ती ब्लाउजपीस कापत नाही, चावते. हे मी यांना २३ दिवाळ्या सांगते आहे. "एकदाच, एवढासा तर कागद आहे" हे उत्तरही तितक्याच वेळा ऐकलं आहे. कात्री तांदळाच्या डब्यात ठेवावी. करणारा माणूस घरभर सगळीकडे हात घालतो, तांदळात घालत नाही.

सामानाला सोबत जाणं टाळू नये, नाहीतर दीडपट येतं. बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या, रविवार पेठेत बोहरी आळीतून पतंगाच्या कागदाचे ताव. कामट्या घासून गुळगुळीत करून घ्याव्यात. त्या घासून घेतल्या आहेत असं दुकानात आपल्याला सांगतात. घेतलेल्या नाहीत असं नंतर तळहात सांगतो. एका वर्षी यांनी माझा नवाकोरा खराटा सोडून त्याचे हीर वापरले होते. तो कंदील वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला नमस्कार करून बसला आणि मी महिनाभर अंगण नसलेल्या घरात खराटा नसल्याचं दुःख करत राहिले. खर्चाचा हिशेब मांडू नये. रिक्षाच्या भाड्यातच तयार कंदील आला असता.

आता खळ. बाजारचा डिंक चालतो, पण यांना खळच लागते, कारण यांच्या वडिलांना लागायची. दोन चमचे मैदा आधी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचं. किडे-झुरळं लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायची रीत आहे. मोरचूद विषारी असतं, म्हणून भांडं वेगळं घ्यायचं. करणारा माणूस भांडं वेगळंच घेतो. आपण ज्यात दूध तापवतो ते, बाकी सगळ्यांपेक्षा वेगळं भांडं. त्या पातेल्याचं आयुष्य तिथे संपतं. माझ्याकडे माळ्यावर आता खळीची तीन पातेली आहेत आणि चौथ्याच्या वेळी मी मोरचूदच तुळशीबागेत 'विसरून' आले. खळ पातेल्यात लागली, पण पातेलं वाचलं. झुरळं आली तर कंदिलाला, आमच्याकडे ती तशीही पाहुणी नाहीत.

आता मुख्य विषय. पारंपरिक कंदिलाला २४ काड्या लागतात, सगळ्या सारख्या लांबीच्या. चार चार काड्यांचे चार चौकोन करायचे. ते पतंगासारखे एका कोपऱ्यावर उभे करून शेजारच्या कोपऱ्यांशी बांधत गोल पूर्ण करायचा. वरची चार टोकं चार काड्यांनी जोडायची, खालची चार चार काड्यांनी. झाला सांगाडा: सहा चौकोन, आठ त्रिकोण, बारा सांधे, प्रत्येक सांध्यात चार काड्यांची तोंडं. म्हणजे बारा वेळा "जरा इकडे धर". प्रत्यक्षात चाळीस.

टोक चिमटीत धरावं, मुठीत नाही. अंगठा आतून, तर्जनी बाहेरून. दोऱ्याचा वेढा येईल तसं बोट मागे घेत जावं. पहिल्या वर्षी माझी करंगळी चौथ्या सांध्यात बांधली गेली होती आणि ते दोघांच्याही लक्षात आलं तेव्हा आत दूध उतू जात होतं. दोरा कापू की दूध बघू, असा प्रश्न मला पडला. यांनी सांध्याकडे बघून म्हटलं, "आता हलवू नकोस, छान बसलंय."

धरताना बोलावं का? बोलावं, पण सूचना कधी करू नये. सूचना असेल तर तिचा प्रश्न करावा. उदाहरणार्थ, सांगाडा उभा राहिला की डुलतो. कारण त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन सोडतो. (त्रिकोण ढळत नसतो, हे नवरा, सासू आणि सून अशा रचनेत राहणाऱ्या कुणालाही भूमितीने सांगायची गरज नाही.) प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी तिरपा दोरा ताणला की डुलणं थांबतं. हे मला कळतं. तरी मी विचारलं, "अहो, तो असा हलतो तो तसाच असतो का हो?" हे म्हणाले, "कागद लागला की थांबेल." विषय संपला. पुढे हाच नाकारलेला दोरा आम्हाला वाचवणार होता, पण ते नंतर.

आमचा मुलगा अकरावीत आहे. तो येता जाता एका हाताने सांगाडा फिरवून म्हणाला, याला क्युबोऑक्टाहेड्रॉन म्हणतात, आर्किमिडीजच्या तेरा घनाकृतींपैकी एक. आणि याची गंमत अशी की, मधल्या बिंदूपासून कुठल्याही कोपऱ्याचं अंतर काडीच्या लांबीएवढंच असतं. ते ऐकून हे खूश झाले. आपले वडील आर्किमिडीजच्या तोडीचे होते, असं त्यांना वाटलं. वडिलांची काडी आठ इंचांची असायची. यांनी बाराची घेतली होती. मध्यापासून कोपरा बारा, म्हणजे या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत चोवीस, म्हणजे दोन फूट. ही बेरीज मी मनात केली आणि तोंड धरून बसले. तोंड धरणं हाही याच शास्त्राचा भाग आहे.

मुलाने आणखी एक दाखवलं. समोरासमोरचे दोन त्रिकोण दोन हातांत घेऊन पिळत दाबले की अख्खा सांगाडा फिरत फिरत मिटतो आणि निम्म्याच्या आसपास येतो. सोडला की परत उघडतो. "ठेव तो, मोडशील," हे म्हणाले. मी मात्र ते लक्षात ठेवलं. धरणाऱ्याला लक्षात ठेवायला बराच वेळ असतो.

कागद चिकटवताना ताणू नये, खळ वाळताना तो आपला आपण ताठ होतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, वरून होल्डर सोडायला आणि खालून झिरमिळ्या हलायला. पूर्वी ६० वॉटचा पिवळा बल्ब असायचा. त्याच्या उष्णतेने कागद करपायचा आणि सगळं घर मधूनमधून वर बघत फराळ करायचं. आता ९ वॉटचा एलईडी तेवढाच उजेड देतो आणि तापत नाही म्हणावा इतकाच तापतो. कंदिलाच्या बाबतीत संसार सुरक्षित झाला असेल तर तो एवढाच.

राहिल्या करंज्या. चौकोनी कागदाची समोरासमोरची दोन टोकं जुळवून चिकटवली की जो फुगीर आकार होतो, त्याला करंजीच म्हणतात. आठ त्रिकोण, प्रत्येकावर तीन. यंदा हा कार्यक्रम नेमका फराळाच्या दिवशी आला. मी पलीकडे झारा धरून आणि हे हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून. सासूबाई बाहेरून ओरडल्या, "करंज्या किती झाल्या गं?" हे हॉलमधूनच म्हणाले, "चोवीस. पुरेत." सासूबाई चपापल्या. "चोवीसच? अरे, फराळाला माणसं किती येतात!" "माणसांचा काय संबंध? फार केल्या तर ते जड होतं." त्या स्वयंपाकघरात आल्या, म्हणाल्या, "हा काही खोटं नाही बोलत, पण आपल्या घरात करंजी कधी जड झाली नाही कुणाला." मी दोन्ही बाजूंना काही सांगितलं नाही. झाऱ्यातल्या करंजीचं तेल निथळत होतं, ते महत्त्वाचं होतं.

उलट बाजूही सांगते, नाहीतर एकतर्फी लिहिल्यासारखं होईल. पडद्यांचं माप घेताना मी एकदा टेपचं एक टोक यांच्या हाती दिलं होतं. मधेच फोन आला. हे टेप घेऊन गॅलरीत गेले. ते पडदे आजही जमिनीपासून चार बोटं वर आहेत आणि आलेल्या प्रत्येकाला हे सांगतात की धूळ लागू नये म्हणून मुद्दाम तसे ठेवले.

तर कंदील झाला. गॅलरीच्या ग्रिलला बाहेर हात काढण्यापुरतं एक छोटं दार आहे, १५ इंच बाय १५ इंच. कंदील दोन फूट. आडवा, उभा, तिरका, सगळ्या तऱ्हांनी लावून बघितला. या प्रसंगी धरणाऱ्याने भाषेकडे लक्ष ठेवावं, कारण घरात प्रयोग बदलतात. दसऱ्याला कर्तरी असतो: 'मी कंदील करतो.' लोकांनी कौतुक केलं की कर्मणी: 'यांनी कंदील केला.' आणि काही अडलं की वाक्य भावे प्रयोगात शिरतं: 'हिला नीट धरवलं नाही.' हे तोंड उघडणारच होते, त्याआधी मी विचारलं, "अहो, पिळून बघायचा का?"

चार चौकोनांवरचा कागद खळीसकट सोडवला. तो ओला केला की हलक्या हाताने सुटतो, फाटतो तेवढाच फाटतो. त्रिकोणांवरचा ठेवला. करंज्या वर्तमानपत्रावर वाळत होत्या हे नशीब. मग हे एका त्रिकोणाला, मी समोरच्या त्रिकोणाला, असा सांगाडा पिळत पिळत दाबला. तिरपे दोरे असते तर हे झालंच नसतं. मिटलेला कंदील टोकाकडून पुढे सारला, त्या दारातून अलगद बाहेर गेला आणि तिकडे सोडताच उघडला. सासूबाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, "अगदी तुझ्या वडिलांसारखा!" मी सांगाडा धरून होते, म्हणून वळून बघितलं नाही.

आता उरलं बाहेरच्या बाहेर चार चौकोन पुन्हा चिकटवणं आणि टांगणं. यात धरणाऱ्याचे दोन्ही हात ग्रिलच्या बाहेर असतात, खांद्यापर्यंत. नाकाला खाज येते ती याच वेळी. दंडावर खळ वाळत जाते. परतीचा पाऊस थोडा शिंतडला तर पतंगाच्या कागदाचा रंग कोपरापर्यंत येतो. माझा उजवा हात सध्या राणी रंगाचा आहे. दोरी वर कडीला बांधायची बाकी आहे. पण त्याआधी एक टप्पा असतो, तो कुठल्याच पुस्तकात नाही. करणारा माणूस चार पावलं मागे जातो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "रस्त्यावरून कसा दिसतो ते बघून येतो. तू फक्त धर."

हे खाली गेले. तिसऱ्या मजल्यावरून मला यांचं टक्कल दिसतंय. "थोडा डावीकडे!" घेतला. "तुझ्या नाही, माझ्या!" घेतला. "लाव की आता, बटण दाब!" बटण भिंतीवर आहे आणि माझे दोन्ही हात घराबाहेर. सासूबाईंनी दाबलं. लागला. खालून कुणीतरी म्हणालं, "वा, घरी केला?" आणि हे तिथेच थांबले, मान वर, हात कमरेवर. समोरच्या इमारतीतले काका आले, त्यांना २४ काड्यांचं सांगून झालं, आता आर्किमिडीज चालू आहे.

मी धरून आहे.