कोलशेत रोडचे काका

ठाण्यात माजिवड्याच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत हे काका सापडतात. वय सत्तरीच्या आसपास, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. दूध नासलंय का बघायचं झालं तरी नाक पातेल्यात घालणार नाहीत. पातेलं हातभर लांब धरून दुसऱ्या हाताने वास आपल्याकडे ओढतील. बाजारात पापलेटाचाही वास ते असाच घेतात. कोळीण एकदा म्हणाली, "काका, म्हावरा घेताव का आरती?" काकांनी तिला तिथल्या तिथे ट्रायमिथाइलअमीन समजावलं. शिळ्या माशाचा वास येतो तो त्याचा. ते अल्कधर्मी, म्हणून लिंबू पिळलं की त्याचं मीठ बनतं आणि वास बसतो. ती म्हणाली, "म्हंजे माजा म्हावरा शिला हाय?" पापलेट त्या दिवशी मिळालं नाही.

या काकांची उमेदीची वर्षं कोलशेत रोडवर गेली. सँडोज, बायर, बाळकुमची कलर-केम हे रंग-रसायनांचे कारखाने म्हणजे त्यांचे चारधामपैकी तीन. घरी आल्यावर नवऱ्याच्या नखांचा रंग बघून बायकोला कळायचं की सध्या कुठली ऑर्डर चालू आहे. यांच्यातही पोटजाती आहेत बरं का. माटुंग्याच्या यूडीसीटीतून आलेल्यांची पंगत वेगळी. १९३३ सालच्या त्या संस्थेचं नाव आता आयसीटी झालंय, पण ते उच्चारायचं म्हणजे काकांना सासरचं आडनाव लावल्यासारखं होतं. बाकीचे साध्या बीएस्सीवर लागून बेंचवर उभ्याने शिकलेले. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर: हल्लीच्या पोरांना रिअ‍ॅक्शन पाठ असते, हात नसतो.

आणि हात बसवायला पोरं मिळतातच. सी विंगमधल्या टीवायबीएस्सीच्या पोराची प्रॅक्टिकल जवळ आली की त्याची आई त्याला वही देऊन काकांकडे पाठवते. पहिला धडा कायम रीक्रिस्टलायझेशनचा.

"पाणी किती घातलंस?"

"अर्धा बीकर."

काका डोळे मिटून घेतात. घरात कोणी गेल्याचा फोन यावा तसा चेहरा.

"अर्धा बीकर! अरे, उकळत्या पाण्यात माल जेमतेम विरघळेल इतकंच घालायचं. थेंबाथेंबाने. नाहीतर गार झाल्यावर बाहेर काय येणार? तुझा निकाल?" मग गाळणकागदाच्या घड्या. त्या पंख्यासारख्या पडेपर्यंत पोराला चहा मिळत नाही. गाळायचं गरम असतानाच, नाहीतर फनेलच्या नळीतच स्फटिक धरतात. त्यानंतर पोरगं विचारतं, "फ्रीजमध्ये ठेवू?"

"गाडी चुकतेय का तुझी? आपोआप गार होऊ दे. घाईत आलेला स्फटिक कचरा पोटात घेऊन येतो."

आणि गार होऊनही काहीच आलं नाही तर काचकांडीने बीकर आतून खरवडायचा. त्या चऱ्यांवर स्फटिक धरतात. काकांकडे एक बीकर आहे, आतून इतका ओरखडलेला की पलीकडचं दिसत नाही. मोलकरणीला त्याला हात लावायची बंदी आहे.

पुढच्या आठवड्यात पोरगं आनंदाने येतं. "काका, यिल्ड एकशे बारा टक्के!"

"लाव्हाझियेला विचारलं होतंस का?" काका शांतपणे म्हणतात. "वाळवलं नाहीस. वरचे बारा टक्के तर पाणी आहेच, खालच्या शंभरातही असणार."

मेल्टिंग पॉइंटसाठी प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेली थीलची नळी आहे. कॅपिलरी ज्योतीत फिरवत तोंड बंद करायचं, माल ठोकून बसवायचा, थर्मामीटरला बांधायची आणि गॅस इतका मंद ठेवायचा की काकू विचारतात, "हे आज संपणार आहे का? आणि ते तेल माझ्या तळणाचं नाही ना?" तेल लिक्विड पॅराफिन असतं, पण काकूंचा विश्वास नाही. शुद्ध बेंझोइक अ‍ॅसिड १२२ अंशांना वितळतं, एकदम. अशुद्ध असेल तर आधीपासून पाझरायला लागतं आणि रेंगाळतं. काका माणसंही अशीच मोजतात. "सेक्रेटरी वाईट नाही, पण शार्प नाही. रेंज फार."

याचा त्रास लग्नं जुळवणाऱ्यांना होतो. छत्तीसपैकी तेहतीस गुण जुळले म्हणून पेढे घेऊन कोणी आलं की काका पेढा तोंडात टाकून म्हणतात, "युरिया १३३ ला वितळतो. सिनॅमिक अ‍ॅसिडही १३३ लाच. दोघं एकत्र करा, कितीतरी आधीच पाणी होतं. म्हणजे पॉइंट जुळला तरी माल एक नाही." पेढेवाले पुढच्या वेळी थेट पलीकडच्या फ्लॅटची बेल दाबतात.

कोलशेत रोडवर आता टॉवर उभे आहेत. सँडोजचा रसायन विभाग १९९५ मध्ये क्लॅरियंट झाला. सँडोजबाग हे नाव तेवढं राहिलं. तिकडे कुणा नातवाच्या वाढदिवसाला गेले की काका क्लबहाऊसच्या तरणतलावाशी उभे राहून सुनेला सांगतात, की आम्ही बर्फ पोत्यांनी ओतायचो, डायझो पाच डिग्रीच्या वर गेला की नायट्रोजनचे बुडबुडे निघून अख्खी बॅच बसायची. सून म्हणते, "बाबा, केक कापतायत."

सोसायटीच्या वार्षिक सभेत काका शेवटच्या खुर्चीवर बसतात. यंदा खजिनदाराने मागच्या थकबाकीसकट मेंटेनन्सची वसुली एकशे चार टक्के झाल्याचं वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. काकांनी हात वर केला.

"वाळवून मोजलंत का?"

सेक्रेटरीने दोन क्षण विचार केला आणि इतिवृत्तात लिहिलं: गच्चीच्या गळतीबाबत ज्येष्ठ सभासदांची तक्रार, वॉटरप्रूफिंगची कोटेशनं मागवावीत.