प्रश्न विचारण्याची पूर्वतयारी

आयबीएमचा डीबीटू हा डेटाबेस १९८३ साली जाहीर झाला. त्याच्या जोडीचं क्यूएमएफ हे सॉफ्टवेअर प्रोग्रॅम न लिहिणाऱ्यांसाठी: साहेबांनी थेट क्वेरी द्यावी, रिपोर्ट घ्यावा, कुणाच्या पाया पडू नये. उत्तम. फक्त ते मेनफ्रेमवर बसवायचं आहे, त्यामुळे आधी सगळ्यांच्याच पाया पडायचं.

सिस्टिम प्रोग्रॅमर लायब्ररीसाठी डिस्कवर जागा मागतो. डीबीए प्लॅन बाइंड करून ग्रँट देतो. म्हणजे देईल, सोमवारनंतर. सिक्युरिटीवाल्यांना रॅकफच्या परवानगीसाठी फॉर्म हवा आणि फॉर्मवर सही हवी. टीएसओतून चालवायचं की सीआयसीएसमधून, हे ठरवायला वेगळी मीटिंग.

मग प्रत्यक्ष बसवणं, म्हणजे एसएमपी/ई. रिसीव्ह, अप्लाय, ॲक्सेप्ट, म्हणजे बघणं, साखरपुडा आणि लग्न. अप्लायपर्यंत रिस्टोर करून सोयरीक मोडता येते. ॲक्सेप्ट झालं की नांदावंच लागतं. म्हणून शहाणी माणसं आधी अप्लाय चेक करतात. त्यात काहीच बसत नाही, नुसतं बसेल का ते कळतं. मॅनेजर मात्र त्या दिवशीच ‘काम झालं’ असं वर कळवतात.

अखेर सगळं सुरळीत होतं. साहेब पहिली क्वेरी देतात: सर्वांत मोठ्या टेबलातलं सगळं दाखवा, अट काही नाही. मर्यादा ओलांडताच क्यूएमएफचा राखणदार, गव्हर्नर, ती रद्द करतो.

तेव्हा योजनेच्या कागदावर पहिली ओळ हीच लिहा: नेमकं विचारायचंय काय?