ओटा आत, खाट बाहेर

परवा नाशिकच्या सिडकोतल्या एका सायबर कॅफेत फुगा उडवण्याचा कार्यक्रम बघितला. आरटीईचा, म्हणजे खासगी शाळेतल्या गरिबांसाठीच्या राखीव जागांचा, फॉर्म भरताना नकाशावर एक लाल फुगा आपल्या घरावर नेऊन ठेवायचा असतो. कॅफेवाला त्याला ‘बलून’ म्हणतो. बलून टेकला की शाळा किती लांब ते यंत्र सांगतं, तेही हवेतून. म्हणजे पोरगं कावळा असतं तर किती लांब. मधे नंदिनी नदी आडवी येवो की हायवे, कावळ्याला काय त्याचं!

माझ्या पुढे अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर असलेले एक गृहस्थ, त्यांची बायको आणि पहिलीला जायचं पोरगं. घर एका खोलीचं. बलून ओट्यावर ठेवला तर शाळा एक किलोमीटरच्या आत, खाटेवर सरकवला की बाहेर. आतल्यांचा नंबर आधी, बाहेरच्यांचा नंतर.

‘दादा, ओट्यावरच राहू द्या,’ बाई म्हणाल्या. ‘आम्ही दिवसभर तिथंच असतो.’

पण पोरगं झोपतं खाटेवर. उद्या पत्ता तपासायला साहेब आले आणि लाभार्थी हद्दीबाहेर घोरताना सापडला, तर?

आता अशाच एखाद्या ‘इंटरनॅशनल’ शाळेच्या फाटकाशी सकाळी उभे राहा. (इंटरनॅशनल म्हणजे जिची बस मखमलाबादच्या पुढे जात नाही ती.) पिवळ्या बसमधून आडगावची पोरं उतरतात, पाथर्डी फाट्याची उतरतात. त्यांचा बलून कोणी बघत नाही. फी भरली की अंतर मिटतं. टेप लावायची ती फुकट शिकणाऱ्यालाच.

शिक्षण बाजाराने द्यावं की सरकारने, यावर विद्वान भांडत असतात. आमच्याकडे हा वाद टेपनेच मिटवायचं ठरलं होतं. ९ फेब्रुवारी २०२४ला नियम निघाला: खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेने गरिबांसाठी २५ टक्के जागा ठेवायची गरज नाही. जन्मभर पालिकेच्या शाळेच्या नावाने नाकं मुरडणाऱ्या संस्थाचालकांना एका रात्रीत शेजार गोड लागू लागला असणार. वास्तुशास्त्रात नवं कलम घालायला हरकत नव्हती: ईशान्येला पाणी, आग्नेयेला चूल आणि किलोमीटरात पालिकेची शाळा. तिचं छप्पर गळू दे, नळ कोरडा पडू दे, शिक्षक निवडणुकीच्या याद्या तपासत हिंडू दे, पण शाळा बंद पडू देऊ नकोस रे काळारामा, नाहीतर आमच्या एसी वर्गात कामगाराचं पोर येऊन बसेल! त्या शाळेत स्वतःचं मूल घालायचं नव्हतं, नुसतं तिच्या सावलीत धंदा लावायचा होता. १९ जुलै २०२४ला उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात अशी पळवाट नव्हतीच. फुगा मात्र राहिला. आणि राहिली ती उधारी. राखीव जागांवरच्या पोरांची फी सरकार शाळांना देणं लागतं, ती थकते, मग शाळा पालकांकडे असं बघते, जणू त्यांनीच तिजोरीची किल्ली लंगोटीत खोचून ठेवलीय.

हा झाला शहरातला, कावळ्याचा किलोमीटर. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीचा किलोमीटर पायांचा आहे. भाम धरणाने उठवलेली ही माणसं. २०२२ साली तिथली शाळा बंद करायचं घाटलं, तेव्हा पोरं दप्तरं घेऊन नाशकात आली. ही घ्या दप्तरं आणि आम्हाला बकऱ्या द्या, वळायला! आधी धरणासाठी घर उचला, मग पटाचा आकडा दाखवून शाळा उचला, आणि वर पोरं शाळेत का येत नाहीत म्हणून सर्वेक्षण करा. लाज म्हणून काही असते की नाही? बकरीचं एक बरं असतं. तिला बाजारात भाव असतो, आणि तिने चरायला किती लांब जावं यावर शासन निर्णय निघत नाही.

इकडे कॅफेत लाइट गेली. परत आली तेव्हा बलून कुठल्या कुठे, गंगापूर धरणात पडलेला. कॅफेवाल्याने तो बाहेर काढून मोठ्या हिकमतीने पुन्हा ओट्यावर बसवला, प्रिंट दिली, पैसे घेतले.

जिना उतरताना बाई नवऱ्याला सांगत होत्या, ‘खाटच सरकवून ओट्याजवळ घेऊ. उगीच खोटं नको.’