पाठ कुणाची लागली?

रविवारी दुपारी टीव्हीवर अमेरिकन कुस्तीतल्या 'अविस्मरणीय क्षणां'चा कार्यक्रम लागला होता. अविस्मरणीय म्हणजे नेहमीचेच यशस्वी प्रकार. घडीची लोखंडी खुर्ची पाठीत घालणे, समालोचकांच्या टेबलाचा चुराडा, पिंजऱ्यावरून उडी, रिंगमध्ये लागणारं लग्न ऐनवेळी मोडणे. नव्वदच्या दशकात घरोघर केबल आली तेव्हापासून आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने हे पाहिलंय, त्याचे पत्ते जमवलेत आणि आई स्वयंपाकघरात असताना धाकट्या भावाला गादीवर त्याच डावांनी आपटलंय. तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. माझी नजर अडकली ती दुसरीकडेच. दाखवलेल्या बहुतेक अविस्मरणीय क्षणी एक माणूस घटनास्थळापासून चार फुटांवर हजर होता, आणि त्याची घटनेकडे पाठ होती.

तो म्हणजे रेफरी. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, चेहऱ्यावर कर्तव्यदक्षता.

वीस फूट लांब, वीस फूट रुंद जागा. तीत अंगावर चड्डीखेरीज काही नसलेले दोन धिप्पाड पुरुष. बघायला दुसरं आहे काय? पण हा गृहस्थ नेमका त्या वेळी कोपऱ्यातली सुटलेली गादी बांधत असतो, किंवा दोरांपाशी उभ्या असलेल्या कुणाशी तरी हुज्जत घालत असतो. तेवढ्यात मागे एक जण चड्डीतून पितळी पंजा काढतो, दुसऱ्याच्या जबड्यावर हाणतो आणि पंजा पुन्हा चड्डीत ठेवतो. हजारो प्रेक्षक ओरडून सांगतात. साहेब वळतात. एक आडवा, एक उभा. उभा हात वर करून सांगतो, मी काही केलं नाही. साहेबांना पटतं.

आणि हे गृहस्थ किती नाजूक! ते दोघे एकमेकांना अर्धा तास आपटून पुन्हा उठतात. यांना नुसतं कोपर लागलं की हे पालथे. तेही केव्हा, तर सज्जन पैलवान दुर्जनाला चीत करून छातीवर बसलाय, फक्त तीन आकडे मोजायचे राहिलेत, तेव्हा. प्रेक्षक मोजतात. तीन होतात, सात होतात, दहा होतात. पण प्रेक्षकांचं मोजणं ग्राह्य नाही. मग दुर्जनाचा साथीदार खुर्ची घेऊन येतो, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, साथीदार पसार होतो, खुर्ची रिंगखाली सरकवली जाते आणि साहेबांना त्याच घटकेला शुद्ध येते. ते रांगत येतात. दुर्जन वर, सज्जन खाली. एक, दोन, तीन. मघाशी खालचा वर कसा आला, हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

नियमही पाहण्यासारखे आहेत. गळा दाबणं, दोर धरलेल्या माणसाला न सोडणं हे निषिद्ध. पण निषिद्ध म्हणजे काय, तर रेफरी पाचपर्यंत मोजणार. चार म्हणेपर्यंत सोडलंत तर गुन्हा घडलाच नाही. मग पुन्हा दाबा, पुन्हा एकपासून. कायदा मोडायला चार आकड्यांची सवलत, आणि तीही नूतनीकरणासह! त्याहून खोल नियम विजेतेपदाच्या पट्ट्याचा. विजेता बाद ठरवला गेला तर सामना हरतो, पण पट्टा बहुधा त्याच्याकडेच राहतो. म्हणजे हातून पट्टा जातोय असं दिसलं की हुशार विजेता चांगला सणसणीत, सर्वांदेखत गुन्हा करतो, बाद होतो आणि पट्टा खांद्यावर टाकून घरी जातो. हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण आलं ते मला कळवू नका.

ते सगळं खोटं असतं, एवढं म्हणून लोक मोकळे होतात. अहो, खोटं असल्याचं तर त्यांनी स्वतःच सांगून टाकलंय. 1989 साली न्यू जर्सीत कायदा बदलताना त्या धंद्यातल्याच लोकांनी लेखी मांडलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. त्यामुळे खेळावरची सरकारी देखरेख आणि तिचा कर आम्हाला नको. बेइमानीची इतकी इमानदार नोंद आपल्या कुठल्या दफ्तरात सापडेल? नुरा, म्हणजे आधीच ठरवलेल्या, कुस्त्या आपल्या मातीतही झाल्या, पण त्या चोरून. कोल्हापूरचं कुस्तीचं खासबाग मैदानच पाहा, 1912 सालचं. मध्ये खाली हौदा, भोवती चढती बैठक. कुठेही बसा, मातीला पाठ टेकली की नाही हे तुम्हाला दिसतं. ज्याने ते बांधायचं ठरवलं त्याच्या डोक्यात हेच असणार की हजारो डोळे पाहताहेत म्हटल्यावर पंचाला दुसरीकडे पाहायला जागा उरू नये. त्याला टीव्ही ठाऊक नव्हता. टीव्हीने सिद्ध केलं की कोट्यवधी डोळे पाहत असले तरी चालतं. ज्याला पाहायचा पगार आहे त्याने पाहिलं नाही की झालं.

माझा आवडता क्षण मात्र जोड्यांच्या कुस्तीतला. सज्जनांच्या जोडीतला एक जण आत मार खातोय, दुसरा कोपऱ्यात हात लांबवून उभा. सरपटत सरपटत पहिला अखेर हाताला हात लावतो, दुसरा वाघासारखा आत शिरतो, आणि साहेब त्याला अडवतात. का? हाताला हात लागला हे त्यांनी पाहिलं नाही. ते पलीकडच्या कोपऱ्यात समज देत होते. सज्जन चिडतो, हातवारे करतो, प्रेक्षकांना साक्षीला बोलावतो. तो जितका चिडतो तितके साहेब त्याच्या छातीला हात लावून त्याला मागे रेटतात, आणि जितके रेटतात तितकी त्यांची पाठ मागच्या दोघा दुर्जनांसाठी मोकळी. आमच्या चौकातल्या फ्लेक्सची तक्रार द्यायला मी गेलो तेव्हा हुबेहूब हेच झालं. सिग्नलचा दिवा झाकून कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. लाल दिवा भाऊंच्या गॉगलच्या मागे, हिरवा त्यांच्या सोन्याच्या साखळीच्या मागे. मी कचेरीत सांगायला गेलो. तिथले साहेब म्हणाले, अर्ज लेखी द्या. दिला. दोन प्रतींत द्या. दिला. फोटो जोडा. जोडला. फोटोवर तारीख नाही. तारखेचा फोटो काढायला चौकात आलो तर शुभेच्छुकांचा दुसरा फ्लेक्स लागलेला, त्यावर छत्तीस चेहरे. परत गेलो तर साहेब म्हणाले, हा अर्ज पहिल्या फ्लेक्सचा, दुसऱ्याचा वेगळा लागेल. आणि आवाज चढवू नका, सरकारी कामात अडथळा होतो. अडथळा! दिवा भाऊंनी झाकला, अडथळा मी! म्हणजे नियम कळणारा, अर्ज करणारा, पावती मागणारा माणूस हाच या खेळात उपयोगी पडतो. तो आला नाही तर साहेबांनी पाठ फिरवायची कुठल्या निमित्ताने? मग एकदा फ्लेक्स उतरलाही. चार मोजून झाले होते. दुसऱ्या दिवशी त्याच खांबावर नवा, निवडीबद्दल अभिनंदनाचा. पुन्हा एकपासून.

तर त्या रेफरीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. तो आंधळा नाही. त्या रिंगमध्ये सगळ्यात जास्त त्यालाच दिसतं. त्याच्या कानात यंत्र असतं. पडद्यामागून वेळ किती उरली, शेवट कधी करायचा हे त्यात सांगतात आणि तो ते पडलेल्या पैलवानाजवळ वाकून पोचवतो. आपल्याला वाटतं तो जाब विचारतोय. पडलेल्याचा हात दाबून तो शुद्धीत आहे का, हेही तोच पाहतो. आणि मान खरोखर मोडली, गुडघा खरोखर गेला, तर तो डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो. नाटक थांबतं, डॉक्टर धावतात. तिकडचे पैलवान बहुधा कंत्राटीच असतात, त्यांना जपायला ती फुलीच काय ती. पण आहे! खोट्याच्या त्या एवढ्या बाजारातही, खरं रक्त कुठलं हे ओळखून हात वर करायचं काम एका माणसाकडे दिलेलं आहे, आणि तो ते करतो.

आमच्या साहेबांच्याही कानात काहीतरी असतं, मी पाहिलंय. त्यातून कोण बोलतं ते फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे. परवा वाऱ्याने त्या अभिनंदनाची लोखंडी चौकट सुटली आणि स्कूटरवरून चाललेल्या एका बाईंच्या खांद्यावर आली. साहेब आले. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. दोन्ही हात खरंच वर गेले. एका हातात मोबाइल होता, दुसरा उन्हाची तिरीप अडवत होता. पंचनाम्यासाठी फोटो हवा होता. आधी त्यांनी बाईंना जरा डावीकडे बसायला सांगितलं, म्हणजे चौकट फोटोत येणार नाही.